हिलोत: शेवटच्या दिवसांतला सावकाश हात

केळीच्या पानाची हातभर पट्टी विस्तवावर धरली की क्षणात ती मऊ आणि तुकतुकीत होते. फिलिपिन्समधली मालीश करणारी बाई त्या पट्टीला खोबरेल लावते आणि समोरच्याच्या उघड्या पाठीवरून ती हलकेच ओढत नेते. पान बहुतेक ठिकाणी सरसर घसरतं, पण मध्येच एका जागी अडतं. तिथे बोट टेकवून ती म्हणते, 'लामिग'. लामिग म्हणजे गारठा. तिच्या मते तिथे थंडी साचली आहे, ऊब द्यायला हवी.

या विद्येचं नाव हिलोत. लचक भरली, पाय मुरगळला की गावकरी हिलोत करणाऱ्याकडे जातात. देशाच्या काही भागांत तर 'हिलोत' म्हणजे सुईणसुद्धा, त्यामुळे मूल पहिल्यांदा याच हातांत येतं. हिलोतची मुळं बाबायलान परंपरेत असल्याचं सांगतात. बाबायलान म्हणजे देवदेवतांशी बोलणाऱ्या, आजार काढणाऱ्या, बहुतांशी स्त्रिया. १५६५ पासून स्पॅनिश सत्ता बसली आणि मिशनऱ्यांनी त्यांना चेटकिणी ठरवलं. विधी दडपले गेले, पण मालीश घराघरांत टिकली. १९९७ साली फिलिपिन्सने पारंपरिक उपचारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली सरकारी संस्थाही उभी राहिली.

मराठी वाचकाला फिलिपिन्सच्या टागालोग या मुख्य भाषेत ओळखीचे चेहरे भेटतात. तिथल्या निसर्गदेवता म्हणजे 'दिवाता', शिक्षक म्हणजे 'गुरो', चेहरा म्हणजे 'मुखा' आणि गरीब, हलाखीतला माणूस 'दुखा'. संस्कृतातले हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी समुद्रमार्गे तिथवर पोचले. मला मात्र त्यांचा स्वतःचाच एक शब्द जास्त मोलाचा वाटतो: 'गिन्हावा'. टागालोग भाषेत त्याचा अर्थ आराम, हायसं वाटणं. देशाच्या मधल्या बेटांवरच्या विसायन भाषांत त्याचाच अर्थ श्वास. मरणाच्या दारातल्या माणसाला नेमकं काय द्यायचं, ते या एका शब्दात आलं आहे.

परदेशांत स्थायिक झालेल्या फिलिपिनो समाजातले काही जण आता हिलोत मरणासन्न माणसांच्या उशाशी नेत आहेत. यात नवल नाही, कारण शुश्रूषा हा या समाजाचा मोठा व्यवसाय आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांमध्ये फिलिपिनो सुमारे ४ टक्के. पण तिथल्या परिचारिका संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये कोविडने दगावलेल्या परिचारिकांची मोजदाद केली, तेव्हा त्यांतल्या ३१ टक्क्यांहून अधिक फिलिपिनो होत्या. हे आकडे वाचून मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही.

आता विज्ञानाकडे. आपल्या त्वचेत स्पर्श ओळखणारे मज्जातंतू दोन तऱ्हांचे आहेत. जाड, वेगवान तंतू कशाचा स्पर्श झाला, कुठे झाला हे क्षणात कळवतात. दुसरे बारीक आणि संथ, त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर धावतो. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने, हाताच्या उबेइतक्या गरम स्पर्शाने कुरवाळलं की हे संथ तंतू सर्वाधिक जागे होतात. त्यांचा संदेश मेंदूच्या ज्या भागात पोचतो, तो भावनांशी आणि शरीराच्या आतल्या जाणिवेशी जोडलेला आहे. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एका स्त्रीचा अभ्यास मांडला. आजारात तिचे जाड तंतू निकामी झाले होते. हातावरून मऊ ब्रश फिरवला, तर तिला स्पर्शाची जागा नीट सांगता येत नव्हती, तरी अंधूकसं सुखद वाटत होतं. आपल्याच हातावर करून पाहा: कोपरापासून मनगटापर्यंत तळवा न्यायला आठ सेकंद लावा. मालीश जाणणारी बाई न मोजता हाच वेग धरते.

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कर्करोग बळावलेले ३८० रुग्ण होते. काहींना अर्ध्या तासाची मालीश दिली, काहींच्या अंगावर फक्त हात ठेवला. मालिशीनंतर लगेच वेदना आणि मन:स्थिती दोन्ही जास्त सुधारल्या, पण काही आठवड्यांनी पाहता दोन गटांत फरक उरला नाही. हे वाचून मालीश निरुपयोगी म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ज्याच्याकडे मोजकेच दिवस आहेत, त्याला अर्धा तास हलकं वाटणं ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून सगळंच खरं मानावं असं नाही. पान कुठे चिकटेल हे घाम, तेल आणि दाब यांवरही ठरतं. त्यावरून रोग ओळखता येतो याला पुरावा नाही. हाडांत पसरलेला कर्करोग, पायाच्या शिरेतली गुठळी, रक्तातल्या प्लेटलेट्स घटलेल्या, अशा रुग्णाला जोर लावून रगडणं धोक्याचं आहे. मॉर्फिनची जागाही मालीश घेऊ शकत नाही. खोबरेलाचं म्हणाल, तर कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकंच उपयोगी पडतं, असं २००४ साली फिलिपिन्समधल्याच एका छोट्या चाचणीत दिसलं. अंथरुणाला खिळलेल्याची त्वचा फार लवकर कोरडी पडते, हे शुश्रूषा केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

बोलणं बंद झालेल्या माणसाला दुखतंय का, हे ओळखायला परिचारिका एक मोजपट्टी वापरतात. ती २००३ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तयार झाली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात. श्वास कसा चाललाय, कण्हणं आहे का, चेहरा आक्रसलाय का, अंग ताठलंय का. आणि पाचवी: कुणी बोललं किंवा हात लावला, तर तो शांत होतो का.