मोटारीच्या आतील प्लॅस्टिकवरील ओरखड्यांची दुरुस्ती

डॅशबोर्ड, दारांची आतली पॅड, मधला कन्सोल, डिकीचा उंबरा अशा भागांवर पडलेले ओरखडे घालवण्याचे किंवा दिसेनासे करण्याचे काम. ठाणे-नवी मुंबईत ते कार डेकोरची दुकाने, डिटेलिंगवाले (गाडीची बारकाईने सफाई व चकाकी करणारे) आणि वागळे इस्टेट, तुर्भे भागातली गॅरेजे करतात. किरकोळ काम घरीही जमते.

सर्वांत आधी खराब होतो तो डिकीचा उंबरा. वाशीच्या फळबाजारातून आणलेली हापूसची लाकडी पेटी उचलून ठेवण्याऐवजी आत सरकवली, की फळीबाहेर आलेला खिळा काळ्या प्लॅस्टिकवर सरळ पांढरी रेघ ओढतो. दाराच्या हँडलजवळ अंगठी किंवा कडे घासते, तर पॅडच्या खालच्या भागाला उतरताना बूट लागतात.

बाहेरच्या पत्र्यावर रंगाचा थर असतो, तो गेला की रंग लावावा लागतो. आतले बहुतेक प्लॅस्टिक मात्र अंगचेच रंगीत असते. तरी ओरखडा पांढरा दिसतो, कारण तिथे प्लॅस्टिक ताणले जाते, त्याच्या कडा उभ्या राहतात आणि प्रकाश विखुरतो. शिवाय पॉलिप्रोपिलीन (पीपी) या आतल्या भागांच्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये बऱ्याचदा शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते, तीही उघडी पडते. सुट्या भागाच्या मागे ‘पीपी’ आणि ‘टीडी२०’ अशी खूण असेल, तर त्यात २० टक्के शंखजिरे आहे असे समजावे. म्हणजे बिघडलेला असतो तो पृष्ठभागाचा दाणा, म्हणजे साच्यातून उमटलेली चामड्यासारखी बारीक नक्षी. इथे रंगाची डबी आधी उघडणे चूक, आणि ही चूक फार होते.

प्रथम ओल्या फडक्याने पुसावे. कित्येक ‘ओरखडे’ दुसऱ्या वस्तूचा घासून चिकटलेला रंग किंवा रबर असतात आणि पुसल्यावर निघून जातात. उरलेल्या रेघेवर ओले बोट फिरवावे. पाण्याने पांढरेपणा लपला आणि नखही अडकले नाही, तर इजा वरवरची आहे. अशा रेघेला हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र, पुरते. भाग स्वच्छ व कोरडा करून, गन सुमारे १५ सेंटिमीटरवरून सतत हलती ठेवून फिरवावी. रेघ हळूहळू काळवंडत जाते आणि मग आजूबाजूच्या रंगात मिसळते. तिथेच थांबायचे. आणखी दोन-चार सेकंद हात रेंगाळला तर जागा चमकू लागते. ती चमक म्हणजे वितळून सपाट झालेला दाणा, आणि तो परत येत नाही. पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते, एबीएस हे दुसरे कडक प्लॅस्टिक तर १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते, आणि गनची हवा याहून कितीतरी गरम असते. थंड होईपर्यंत त्या जागेला बोट लावू नये. दाणेदार भागावर पॉलिशपेपर घासू नये, आणि एबीएसवर थिनर लावू नये. थिनर त्याचा पृष्ठभाग विरघळवतो.

नख अडकेल इतकी खोल चीर असेल तर लवचीक फिलर, म्हणजे चीर बुजवणारा लेप, भरतात. त्याच भागाच्या आडोशाच्या जागेवरून सिलिकॉनचा ठसा घेऊन ओल्या फिलरवर दाणा उमटवतात आणि मग रंग देतात. पॉलिप्रोपिलीनला रंग सहजासहजी धरत नाही. त्याखाली खास प्रायमर (रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर) नसेल तर काही महिन्यांतच पापुद्रे सुटतात. कुशल हाताचे कामही तिरप्या उन्हात ओळखू येते, म्हणून भाग लहान असेल तर तो बदलणेच बरे. जुने सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात मिळतात.

चकचकीत काळ्या पट्ट्यांची रीत निराळी. त्यांना दाणाच नसतो, त्यामुळे बारीक कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) आणि मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने ओरखडे उतरतात.

एअरबॅगच्या झाकणाला मात्र हात लावू नये. झाकणाच्या आतल्या बाजूस फाटण्याची रेघ मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. फिलर, रंगाचा जाड थर किंवा उष्णता यांनी तिचे वागणे बदलू शकते. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना चालकाशेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत डॅशबोर्डचा डावा भागही याच नियमात येतो. तिथला ओरखडा तसाच राहू द्यावा.

सिलिकॉनचे चमकदार पॉलिश ओरखडा भरत नाही, फक्त ओल्या बोटासारखा लपवते, आणि चार वेळा पुसले की रेघ पुन्हा उघडी पडते. डॅशबोर्डवर तर ते लावूच नये. सकाळी वाशीच्या खाडीपुलावरून नवी मुंबईकडे जाताना समोरचे ऊन त्या चकाकीवर पडून काचेत उतरते आणि पुढची गाडी नीट दिसत नाही.