पेन्सिलच्या रंगातलं शिसं कायद्याला दिसतं का?

"पेन्सिल चावू नको, शिसं पोटात जाईल!" शाळेत जाणारं मूल असलेल्या बहुतेक घरांत हे ऐकू येतं. पेन्सिलीच्या आत शिसं नसतंच. तिथे असतं ग्रॅफाइट आणि चिकणमाती. शिसं असलंच तर ते बाहेरच्या चकचकीत पिवळ्या-लाल रंगात असू शकतं, आणि मुलं कुरतडतात ती नेमकी तीच बाजू.

लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य भडक पिवळं, स्वस्त आणि चांगलं झाकणारं. म्हणून कारखानदारांना ते आवडतं. पण पोटात गेल्यावर शिशाचा आयन कॅल्शियमची जागा पटकावतो: विद्युतभार तोच, आकारही जवळपास तेवढाच. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलांत मात्र निम्म्यापर्यंत. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त, कारण आतड्यात लोह उचलणारं प्रथिन शिसंही उचलतं. तिथून ते हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम करतं आणि मेंदूत चेतापेशींच्या संदेशवहनात अडथळा आणतं. औषधाने रक्तातलं शिसं उतरवता येतं, पण मेंदूचं झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही. त्यामुळे शिसं मुलापर्यंत पोहोचूच न देणं हाच खरा उपाय, आणि ते काम कायद्याचं आहे.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी 2016 साली नियम आले. नोव्हेंबर 2017पासून अशा रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. खेळण्यांवर सरकारी आदेशाने 1 जानेवारी 2021पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यामागची चाचणी फार सुंदर आहे. खेळण्यावरचा रंग खरवडून त्याची बारीक पूड करतात. ती पन्नासपट वजनाच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, 37 अंश सेल्सियसला, अंधारात तासभर हलवतात आणि तासभर तशीच ठेवतात. म्हणजे काचेच्या भांड्यात मुलाचं पोटच उभं करतात! मग द्रव गाळून त्यात किती शिसं उतरलं ते मोजतात. मर्यादा, किलोभर रंगामागे 90 मिलिग्रॅम, म्हणजे पुन्हा दहा लाख भागांत 90 भागच.

दोन्हीकडे आकडा 90च दिसतो, पण अर्थ वेगळा. घराच्या रंगात एकूण शिसं मोजतात, खेळण्यात फक्त आम्लात विरघळलेलं. लेड क्रोमेट सौम्य आम्लात सहजी विरघळत नाही. त्यामुळे एकूण शिसं बरंच असलेला रंगही या चाचणीतून सुटू शकतो. अमेरिकेने 2007मध्ये लाखो खेळणी बाजारातून परत घ्यावी लागल्यावर 2008च्या कायद्यात हा प्रश्न सरळ सोडवला: मुलांच्या वस्तूच्या रंगात दहा लाख भागांत एकूण शिसं 90 भाग, वस्तूच्या बाकी भागांत 100. पोटात किती विरघळेल याचा हिशोबच नाही.

तिथला दुसरा शहाणपणा व्याख्येत आहे. आपला आदेश 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना लागू होतो आणि पेन्सिल हे काही खेळणं नव्हे. अमेरिकी कायदा 12 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेली कोणतीही वस्तू धरतो, त्यामुळे कार्टूनवाली पेन्सिल, कंपासपेटी, पाण्याची बाटली सगळं त्यात येतं. आपल्याकडे नोंदणीकृत हस्तकलाकारांनी बनवून विकलेल्या खेळण्यांनाही सूट आहे. कारागिरांसाठी ती योग्यच, पण हाताने बनवलं म्हणून रंगातलं शिसं कमी होत नाही.

'नैसर्गिक' या शिक्क्याचंही तेच. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून डोळ्यांत घालतात त्या सुरम्यात कधी कधी गॅलेना नावाचं खनिज असतं, आणि गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड. निसर्गातलंच, आणि तरीही विषारी. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला आपल्याकडे बंदी आहे, पण घरी कुटलेल्या पुडीपर्यंत कुठला निरीक्षक पोहोचणार?

खेळण्यांच्या आदेशात 'खेळणी' ऐवजी 'मुलांच्या वस्तू' असं लिहावं आणि विरघळणाऱ्या शिशाच्या जोडीला एकूण शिशाचीही मर्यादा घालावी, अशी माझी मागणी आहे. एकूण शिसं मोजायला क्ष-किरणांचं हातात धरायचं यंत्र मिळतं. संशयास्पद माल त्याने दुकानातच काही मिनिटांत वेगळा काढता येतो.