संगणक कोणाच्या तासाला?

२००० साली गुजरात सरकारने बडोद्यातल्या महापालिकेच्या बहुतेक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा त्यातले फार थोडे वापरात होते. आपल्याकडे लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झालेल्या काही शाळा पाहिल्या असतील, तर यात नवल वाटणार नाही.

मग शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ आणले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं. मूल चुकलं तर पुढचा प्रश्न सोपा, जमलं तर अवघड. कोणत्या शाळांना हा कार्यक्रम मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांचं गणित चांगलंच सुधारलं. भाषेत फरक पडला नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मात्र या फायद्याचा बराचसा भाग ओसरला.

याहून बोलका प्रयोग गुजरातमधल्याच ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या वर्गांत झाला. ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताचं एकच सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वापरलं. काही ठिकाणी मुलं शाळेच्या वेळातच संगणकावर बसत, म्हणजे बाईंचा तेवढा वेळ जाई. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी बसत. सॉफ्टवेअर तेच, मुलं तशीच, पण निकाल उलटे. शाळेबाहेरच्या वेळात वापरणारी मुलं पुढे गेली, विशेषतः कच्ची मुलं. शाळेच्या वेळात वापरणारी चक्क मागे पडली. ज्ञानशालेच्या बाई मुळातच नीट आखून शिकवत होत्या. संगणकाने त्यांच्या तासात वाटा घेतला आणि त्या बदल्यात तेवढं दिलं नाही.

म्हणून ‘स्मार्ट बोर्डाचा फायदा होतो का?’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. तो कशाच्या जागी येतोय, हे आधी सांगा. पेरूमध्ये सरकारने खेड्यापाड्यांतल्या शाळकरी मुलांना लॅपटॉप वाटले. शिकवण्याची पद्धत होती तशीच राहिली. पहिल्या मोठ्या मूल्यमापनात गणित आणि वाचनात काहीच फरक दिसला नाही.

मग यंत्राला नेमकं काय जमतं? दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास झाला, त्यातून याचं उत्तर मिळतं. सरकारी शाळांतली सहावीची मुलं गणितात सरासरी दोन-अडीच इयत्ता मागे होती. ही झाली सरासरी. एकाच बाकावर तिसरीच्या आणि सहावीच्या पातळीची मुलं शेजारी बसलेली. बाई मात्र सहावीचंच पुस्तक शिकवणार, कारण तेच पुरं करायचं असतं. ‘माइंडस्पार्क’च्या, शाळेनंतरच्या केंद्रात रोज दीड तास : निम्मा वेळ संगणकावर, निम्मा लहान गटात शिकवणाऱ्या माणसाबरोबर. संगणक आधी मूल कुठे आहे ते तपासतो आणि तिथूनच सुरू करतो. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही ठळकपणे सुधारले. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला वेगळा प्रश्न देणं आणि त्याची चूक त्याच क्षणी दाखवणं एका माणसाला शक्य नाही. यंत्राची गरज आहे ती इथे. धड्याचा व्हिडिओ लावण्यासाठी मला तरी ती वाटत नाही. मुलं तो आवडीने बघतील हे खरं, पण त्यांना कळलं की नाही हे बाईंना समजणार नाही.

कळलं की नाही हे वर्ग चालू असतानाच शोधण्याची युक्ती हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून वापरली. थोडं शिकवायचं आणि मग पर्याय देऊन संकल्पनेवरचा एक प्रश्न विचारायचा. समजा, ०.२५ मोठा की ०.७? (पंचवीस सातापेक्षा मोठे, म्हणून ०.२५ असं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात.) प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. तीस टक्क्यांहून कमी मुलं बरोबर असली, तर पुन्हा समजावायचं. सत्तरच्या वर असली, तर पुढे जायचं. अधेमधे असली, तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि मत पुन्हा घ्यायचं. नुकतंच समजलेलं मूल अडलेल्याला कधीकधी सरांपेक्षा नेमकं सांगतं, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला ताजं आठवत असतं.

उत्तरं गोळा करायला ‘क्लिकर’ नावाची छोटी यंत्रं निघाली. कॅनडातल्या एका कॉलेजात नॅथानिएल लॅसरी यांनी एका वर्गाला क्लिकर दिले, दुसऱ्याला अ-ब-क-ड लिहिलेली साधी कार्डं. शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. क्लिकरमुळे आकडेवारी साठवता येते, इतकंच. तीही हवी असेल, तर ठसा छापलेली कागदी कार्डं मिळतात : कार्ड ज्या बाजूने वर धरलं ते उत्तर, आणि बाईंच्या एका फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. मुलांच्या हातात कागदच असतो, आणि दर वेळी असा चांगला प्रश्न रचायचं काम तेवढं बाईंकडेच राहतं.