ड्युअल बूट मशीनवरची एक सिस्टीम बदलायची आहे? डिलीट दाबण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून आमच्या काउंटरवर एकच मागणी वेगवेगळ्या तोंडांनी येते: "यात दोन सिस्टीम आहेत, त्यातली एक उडवा आणि दुसरी मारून द्या. अर्ध्या तासाचं तर काम!" प्रत्यक्ष इन्स्टॉल अर्ध्या तासात होतं, हे खरं आहे. त्याच्या आधीचे चार तास आणि चुकलं तर नंतरचे दोन दिवस मात्र कुणी धरत नाही. म्हणून हे पत्रक. घरी स्वतः करणार असाल तरी वाचा, आमच्याकडे आणणार असाल तरी वाचा.

येणारी मशीन साधारण दोन तऱ्हेची असतात. पहिल्या तऱ्हेत विंडोज १० आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) शेजारी शेजारी असतात, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असतो किंवा टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसतं, त्यामुळे विंडोज ११ बसत नाही. अशांना विंडोज काढून सगळा कारभार लिनक्सवर न्यायचा असतो. दुसऱ्या तऱ्हेत विंडोज ठेवायची असते. कॉलेजात असताना टाकलेलं उबुंटू २०.०४ तसंच पडून असतं, त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपलेला असतो आणि त्या जागी लिनक्स मिंट २२ हवं असतं. दोन्हींत चुका होतात, आणि बहुतेक चुका एकाच गैरसमजातून होतात: दोन्ही सिस्टीम एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत.

दार एक, बिऱ्हाडं दोन

ड्युअल बूट मशीन म्हणजे एका वाड्यात राहणारी दोन बिऱ्हाडं. खोल्या वेगळ्या, चुली वेगळ्या, पण रस्त्यावरचं दार सामायिक. कॉम्प्युटरमध्ये या दाराला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग). विंडोज बसते तेव्हा ती सहसा १०० एमबीचा हा तुकडा करून ठेवते. मागाहून आलेलं उबुंटू नवीन दार पाडत बसत नाही, त्याच १०० एमबीत आपलं एक फोल्डर ठेवतं.

विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं, की हा तुकडा सी ड्राइव्हच्या डाव्या अंगाला चिकटलेला दिसतो. माणसाला वाटतं, विंडोज काढतोच आहोत तर तिची ही चिल्लरही काढू. काढली, की लिनक्समधली एकही फाइल गेलेली नसते, फक्त आत जायला वाट नसते. हे दुरुस्त होतं, पण पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून नवीन ईएफआय पार्टिशन करावं लागतं आणि बूटलोडर (सिस्टीम चालू करून देणारा प्रोग्रॅम) पुन्हा बसवावा लागतो. तेव्हा विंडोज काढायची असली तरी या १०० एमबीला हात लावायचा नाही.

उलटी चूक याहून जास्त होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागा हवी म्हणून एका विद्यार्थ्याने विंडोजमध्ये बसून उबुंटूचं पार्टिशन डिलीट केलं. ड्राइव्ह मोकळा झाला, गडी खूश. सकाळी मशीन चालू केलं तर काळा पडदा आणि कोपऱ्यात "ग्रब" एवढाच शब्द. ग्रब हा बूट मेनू दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. तो दारात उभा असतो, पण कोणतं बिऱ्हाड कुठल्या खोलीत याची वही तो लिनक्सच्या पार्टिशनमध्ये ठेवतो. ते पार्टिशन गेलं, वहीही गेली, आणि हा दारात तसाच उभा.

असा पडदा दिसला तर घाबरू नका. नुसतं "ग्रब" असेल तर इंग्रजीत एक्झिट टाइप करून एंटर दाबा, बहुतेक नव्या मशीनवर विंडोज चालू होते. नाही झाली तर मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबा (कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप) आणि "विंडोज बूट मॅनेजर" निवडा. त्या मुलाची विंडोज अशीच फोनवर पाच मिनिटांत चालू करून दिली, पैसे घेतले नाहीत. "ग्रब रेस्क्यू" असं आलं तर मात्र मशीन बहुधा चालू होण्याच्या जुन्या, लेगसी पद्धतीचं असतं. तिथे एक्झिट चालत नाही, पुढे काही न करता घेऊन या.

जुनं लिनक्स काढून नवं लिनक्स

यात आधी काही डिलीट करायची गरजच नसते. मिंटचा पेनड्राइव्ह लावा (८ जीबीचा पुरतो) आणि इन्स्टॉल करण्याआधी त्यावरूनच तासभर मशीन वापरून बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटरवर एक कागद निघतो का, इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप होतं का. प्रिंटरचं विशेष सांगतो, कारण ऑफिसातले काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, आणि ते इन्स्टॉल झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बूट मेनूत हाच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाला "यूईएफआय" (मशीन चालू होण्याची नवी पद्धत) जोडून. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेली असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयवाला निवडा. नाहीतर दोन्ही सिस्टीम बसतात, पण एका मेनूत येत नाहीत.

इन्स्टॉलर विचारतो, कुठे बसवू? "इरेज डिस्क" हा पर्याय वरच्यावर दिसतो आणि बोट तिकडेच जातं. त्याचा अर्थ उबुंटू पुसा असा नाही, सगळी डिस्क पुसा असा आहे, विंडोजसकट. आपल्याला शेवटचा "समथिंग एल्स" हवा. त्यात उबुंटूचं जुनं पार्टिशन शोधायचं (तिथे ईएक्सटी ४ असं लिनक्सच्या फॉरमॅटचं नाव लिहिलेलं असतं), माउंट पॉइंटला, म्हणजे ते कुठे जोडायचं त्या रकान्यात, नुसती तिरकी रेघ (/) द्यायची आणि फॉरमॅटची खूण करायची. ईएफआय पार्टिशन वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. होम (तुमच्या फाइलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही फॉरमॅट न करता जोडायचं, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं जिथल्या तिथे राहतात. फक्त जुन्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जही मागे राहतात आणि नव्यात लुडबुड करतात. आम्ही त्या बाजूला एका फोल्डरात काढून ठेवतो.

एक गंमत. मिंट बसवल्यावरही बूट मेनूत नाव "उबुंटू" असंच दिसू शकतं, कारण मिंट उबुंटूवरच बेतलेलं आहे आणि ईएफआय पार्टिशनमध्ये त्याच नावाचं फोल्डर वापरतं. "तुम्ही उबुंटू काढलंच नाही" असे रागाचे फोन आम्हाला येतात. काढलेलं असतं.

विंडोज काढून सगळं लिनक्सला

इथे अडचण जागेची. बहुतेक मशीनवर विंडोज डिस्कच्या सुरुवातीला, डावीकडे असते आणि लिनक्स तिच्या उजवीकडे. सी ड्राइव्ह पुसला की मोकळी जागा लिनक्सच्या डावीकडे तयार होते. पार्टिशन उजवीकडे वाढवणं सोपं असतं. डावीकडे वाढवायचं तर आतला सगळा डेटा उचलून सरकवावा लागतो. त्याला तासन् तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर सगळंच अधांतरी. ग्राहकाने हट्ट धरला तरी आम्ही हे शक्यतो करत नाही. त्या मोकळ्या जागेला नुसता ईएक्सटी ४ फॉरमॅट मारून लिनक्समध्ये स्वतंत्र ड्राइव्ह म्हणून जोडून देतो. काम तेच होतं आणि रात्री झोप लागते.

विंडोजचं लायसन्स वाया जाईल का, असं बरेच जण विचारतात. कंपनीतून विंडोज १० सह आलेल्या मशीनवर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. पुढे त्याच मशीनवर पुन्हा विंडोज मारली तर इंटरनेट लागताच ती ॲक्टिव्हेट होते.

विंडोज काढायची की नाही, यावर आमचं मत धंद्यावर ठरतं. टॅली लागते, तर विंडोज ठेवा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावून टेंडर भरता, तर ठेवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये वर्षानुवर्षांच्या पत्रिका आणि फ्लेक्स साठवलेले आहेत, तर नक्की ठेवा, कारण ते फॉन्ट युनिकोड नाहीत आणि फॉन्ट नसलेल्या मशीनवर "शुभविवाह"च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडते. मेल, बँक, ऑफिसची पत्रं, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर लिनक्स पुरेसं आहे आणि जुन्या मशीनवर हलकंही चालतं.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

हे वाक्य आम्ही दुकानात मोठ्या अक्षरांत लावलं आहे. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशनं. पार्टिशनच्या कामात चूक झाली तर दोन्ही सोबत जातात. कॉपी वेगळ्या डिस्कवर हवी. ५०० जीबी भरलेला डेटा यूएसबीवरून काढायला दीड-दोन तास लागतात, बारीक बारीक फाइली असतील तर बराच जास्त. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं, हेही लोक विसरतात. टॅलीचा डेटा फोल्डर आणि ब्राउझरमधले पासवर्ड वेगळे आठवणीने घ्या.

विंडोज ठेवायची असेल तर आणखी दोन गोष्टी. एक, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप. नव्या लॅपटॉपवर तो तुमच्या नकळत चालू असू शकतो. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगला हात लागला, की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. तो पासवर्ड ज्याने लॅपटॉप घेऊन दिला त्या भाच्याकडे असतो आणि भाचा बंगळुरूला असतो. आधी फोन करा, की लिहून घ्या, मगच काम. दोन, फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

घड्याळ साडेपाच तास मागे

मशीन नेल्यावर दुसऱ्या दिवशी येणारी तक्रार ही. मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ आहे असं विंडोज धरून चालते, तर लिनक्स तिथे ग्रीनिचची म्हणजे यूटीसी वेळ लिहितं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात, की दुपारी अडीचला केलेल्या बिलावर सकाळचे नऊ छापले जातात. बॅटरी गेलेली नसते, सेल बदलायला पैसे घालू नका. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक ओळीची आज्ञा आहे. आम्ही ती देऊनच मशीन सोडतो. घरी केलं असेल तर फोन करा, सांगू.

येताना

चार्जर आणा, बहुतेक जण तोच विसरतात. लॉगिनचा पासवर्ड, असेल तर रिकव्हरी की, आणि कॉपीसाठी तुमची एक्स्टर्नल डिस्क. काय काय वाचलंच पाहिजे ते कागदावर लिहून द्या, तोंडी नको. मशीन नेताना दोन्ही सिस्टीम आमच्यासमोर दोनदा चालू करून बघा आणि तुमच्या दोन-तीन फाइली उघडा. काही कारणाने कॉपी आमच्या डिस्कवर घ्यावी लागली, तर ती आठ दिवस ठेवतो आणि नवव्या दिवशी पुसतो. त्याआधी घरी सगळं तपासून घ्या.