निसर्गकला उपक्रम (मराठवाडा)

मुले, तरुण आणि घरची थोरली माणसे एकत्र येऊन आपल्या परिसरातील माती, पाणी, झाडे आणि पाखरे यांच्याविषयी, शक्यतो तिथल्याच साहित्यातून, चित्र, मूर्ती, गाणे किंवा नाट्य घडवतात आणि ते घडवता घडवता आपले शिवार ओळखू लागतात, अशा सामूहिक कामाला निसर्गकला उपक्रम म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात शाळा, ग्रामपंचायती, तरुण मंडळे, बचत गट, वन विभाग आणि निसर्गप्रेमी संस्था असे उपक्रम घेतात. नाव अलीकडचे आहे. काम मात्र इथल्या सणावारांत फार आधीपासून चालत आले आहे.

या प्रदेशात अशा कामाला एक वेगळे महत्त्व आहे. मराठवाडा पर्जन्यछायेत येतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते चित्र देशभर पोहोचले. ‘दुष्काळी भाग’ हे शब्द इथले मूल बातम्यांतून आणि पाहुण्यांच्या बोलण्यातून सतत ऐकत मोठे होते. आपल्याकडे बघण्यासारखे काही नाहीच, असे त्याला वाटू लागते. त्याच मुलाने पळसाची फुले भिजवून रंग काढला, वारुळाची माती हातात घेतली किंवा तळ्यावरची बदके मोजून चितारली, की तेच शिवार त्याला निराळे दिसते.

पूर्वपीठिका

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, हे या परंपरेचे सर्वांत भरीव उदाहरण. मार्गशीर्ष अमावस्येला घरेच्या घरे शेतात जातात. रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई तेव्हा उभी असते. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे खोपी, बांधली जाते. तिच्यात पाच दगड चुना आणि कावेने रंगवून पांडव म्हणून मांडतात आणि पूजा करतात. आंबील पिकावर शिंपडली जाते. मग भज्जी, उंडे, खीर, भाकरी यांची पंगत बसते. भज्जीत त्या वेळी शिवारात मिळणाऱ्या शेंगा, दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजतात, त्यामुळे हंगामात काय काय पिकले याची ओळख मुलांना जेवता जेवता होते. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांना शेतकरी आग्रहाने बोलावून नेतात. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून पिकाभोवती फिरवतात. त्या दिवशी गावे आणि बाजारपेठा ओस पडतात. जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देते. सीमेपलीकडे कर्नाटकातही ही अमावस्या पाळली जाते.

कोप बांधणे ही एक रचनाकला आहे, याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. कडबा किती वाळलेला हवा, पेंढ्यांचा तळ किती पसरायचा, शेंडे कुठे आवळायचे, हे आजोबा नातवाच्या हाताला हात लावून शिकवतात. शहरात राहणारी नातवंडे वर्षातून एकदा तरी या निमित्ताने काळ्या रानात पाय ठेवतात. नव्या उपक्रमांना ज्या गोष्टीसाठी पत्रके काढावी लागतात, ती इथे आमंत्रणावाचून घडते.

पोळ्याची गोष्ट याच जातीची. आदल्या संध्याकाळी खांदेमळण होते, म्हणजे बैलाचे खांदे मळले जातात, आणि बैलाला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, गोंडे, अंगावर झूल आणि गेरूचे ठसे. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक दावणी रिकाम्या झाल्या आहेत. अशा घरांत मातीचे बैल करून पुजतात आणि ते करण्याचे काम बहुधा मुलांच्या वाट्याला येते. नागपंचमीचे वारूळपूजन, फेराची गाणी आणि झोके, घटाखाली शेतातली माती पसरून पेरलेले धान्य, संक्रांतीच्या सुगडांतील ऊस, बोरे आणि हरभऱ्याचे घाटे, हीदेखील याच मालिकेतील उदाहरणे. जात्यावरच्या ओव्यांतही पाऊस, बाभळ आणि माहेरची वाट ओघाने येते.

माती आणि रंग

मराठवाड्याची बहुतेक जमीन दख्खनच्या लाव्ह्यापासून, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या बेसाल्टपासून बनली. त्या खडकाची झीज होऊन काळी माती तयार झाली. पावसात ती फुगते, उन्हात तिला भेगा पडतात. मूर्तिकामाच्या शिबिरात मुलांना पहिला धडा हीच माती देते: नुसत्या काळीचा बैल सावलीत ठेवला तरी तडकतो. मग तिच्यात बारीक भुसा, शेण किंवा कापसाचे तंतू मळावे लागतात. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, हा शब्दांचा जोड जुन्या कागदपत्रांत आणि बोलण्यात आहे. पांढरीची माती माळवदाच्या छतावर आणि भिंतींना वापरली जाई. मुलांनी या दोन मातींचे नमुने गोळा करून त्या मातींनीच कागदावर चित्र काढले, तर गावाचा नकाशा वेगळा शिकवावा लागत नाही.

अजिंठ्याच्या लेण्यांत हे ज्ञान फार उंचीवर पोहोचलेले दिसते. ओबडधोबड खडकावर भुसा आणि वनस्पतींचे तंतू घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि मग तांबडा व पिवळा गेरू, काजळी, हिरवी माती असे रंग. निळ्यासाठीचा राजावर्त हा दगड तेवढा दुरून आणलेला. हत्ती, हंस, कमळे त्या भिंतींवर आहेत. १९८३ मध्ये ही लेणी जागतिक वारसा यादीत आली. सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांना तारखा पाठ करायला लावण्यापेक्षा पायथ्याशी बसवून एकदा गेरू उगाळायला दिला, तर त्या भिंती त्यांना अधिक कळतील. पैठणीच्या पदरावरचा मोर आणि अजिंठा कमळ हेही पाहून आणि विणून जपलेले निसर्गचित्रणच आहे.

गणेशोत्सवात शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा सर्वत्र होतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तुलनेत ते पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि शाडू ही इथली माती नव्हे; ती मुख्यतः गुजरातेतून येते. गावच्या तलावातला गाळ मळून केलेली मूर्ती कदाचित तितकी सुबक होणार नाही, पण ती विसर्जनानंतर ज्या पाण्यातून आली तिथेच परत जाते, आणि गाळ काढायला गेलेल्या मुलांना तलाव किती भरला आहे तेही दिसते. रंगपंचमीसाठी फाल्गुनात फुललेल्या पळसाची फुले पाण्यात उकळून किंवा रात्रभर भिजवून केशरी रंग काढतात. किनवटच्या जंगलापासून बांधाबांधापर्यंत पळस आहे, त्यामुळे या उपक्रमाला खर्च जवळजवळ येत नाही.

झाडे, पाणी, पाखरे

वृक्षदिंडी हा मराठवाड्यात चांगलाच रुजलेला नवा प्रकार. जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वन महोत्सवात शाळा पालखीत रोप ठेवून टाळ-मृदंगासह गावातून फेरी काढतात. वारीचा साचा प्रत्येक घराला परिचित असल्याने आजीही उंबऱ्यावर येऊन रोपाला ओवाळते. मुले झाडांची सोंगे घेतात आणि भारुडाच्या चालीवर संवाद म्हणतात. बीडजवळ पालवण येथील ओसाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने झाडे लावली. तिथेच फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला देण्यात आले. साहित्यसंमेलनाची रीत झाडासाठी वापरण्याची ही कल्पना मराठी मनाला लगेच पटली.

पाखरांसाठी पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, ही मोठी शाळा आहे. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो) आणि स्थलांतरित बदके उतरतात. सलीम अलींची जयंती १२ नोव्हेंबरला आणि मारुती चितमपल्लींची ५ नोव्हेंबरला येते. या दोन तारखांमधले दिवस राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. याच काळात चित्रस्पर्धा आणि पक्षीनिरीक्षणाच्या सहली घेणे सोयीचे पडते. बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्य आणि धाराशिवजवळचे येडशी रामलिंग घाट अभयारण्यही शाळांना जवळ आहे. छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीजवळून वाहणाऱ्या खाम नदीच्या पुनरुज्जीवनात महापालिकेबरोबर नागरिकही उतरले आहेत.

अडचणी

बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. पक्षी सप्ताह, येळवस, हिवाळी शिबिरे, पळसाचा फुलोरा हे सारे त्यांच्या गैरहजेरीत होते. परत येतात तेव्हा पाणवठे आटलेले आणि पारा चाळिशीच्या पुढे असतो. अशा मुलांसाठी श्रावण-भाद्रपद हाच खरा हंगाम आहे, म्हणून मातीचे बैल, नागपंचमी आणि गाळाच्या मूर्ती यांना उपक्रमांत पहिले स्थान मिळायला हवे.

दुसरी अडचण फोटोपुरत्या कामाची. रोप लावून ते पुढच्या उन्हाळ्यात जगवण्यासाठी पाणी कोण घालणार, हे दिंडीच्या दिवशीच ठरलेले नसेल, तर मुलांनी रंगवलेल्या फलकाशेजारी वाळलेली काडी उभी राहते, आणि मुले ती रोज शाळेत जाता-येता पाहतात. ज्या गावांत एकेका रोपाची जबाबदारी एकेका घराने घेतली आणि सांडपाणी त्याच्याकडे वळवले, तिथे कडुनिंब, चिंच आणि वड उन्हाळा काढतात.