‘सर्वांसाठी खुले’ : एका ओळीची पार्श्वभूमी

व्याख्यान असो, चित्रप्रदर्शन असो की जुन्या ग्रंथालयाची फेरी, पत्रिकेच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते : ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुले’. नजर वक्त्याच्या नावावर जाते आणि ही ओळ वाचायची राहून जाते. मला मात्र पत्रिकेत तीच मोलाची वाटते, कारण तिच्यातल्या ‘सर्वांसाठी’ या शब्दाला खरा अर्थ यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मुंबईत १८०४ मध्ये जेम्स मॅकिन्टॉश यांनी लिटररी सोसायटी स्थापन केली. आजच्या एशियाटिक सोसायटीचे मूळ ते. १८३३ मध्ये टाउन हॉल बांधून पूर्ण झाला आणि ग्रंथसंग्रहाला तिथे जागा मिळाली. त्या तीस पायऱ्यांवर आज संध्याकाळी कुणीही जाऊन बसते. पण आतल्या सभासदांच्या यादीत पहिले भारतीय नाव १८४० मध्ये लागले, माणेकजी खरशेटजी यांचे. म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी! पुढे याच ग्रंथालयात दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे वाचत बसल्या, हे आठवले की ती ३६ वर्षे जास्तच बोचतात.

याच काळात गावोगावी ‘नेटिव्ह लायब्रऱ्या’ निघत होत्या. रत्नागिरीत १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, तर पुण्यात १८४८ मध्ये. नाशिकचे ‘सार्वजनिक वाचनालय’ आणि पुण्याचे ‘नगर वाचन मंदिर’ ही त्यांचीच आजची नावे. पुस्तक घरी न्यायचे तर वर्गणी हवी आणि त्याआधी अक्षरओळख हवी. त्या काळी या दोन्ही गोष्टी फार थोड्यांकडे होत्या.

व्याख्यानाला यातले काहीच लागत नाही. या पार्श्वभूमीवर न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचे महत्त्व कळते. त्याच वर्षी रानड्यांच्याच पुढाकाराने स्वामी दयानंदांची व्याख्यानेही पुण्यात झाली. वक्तृत्वोत्तेजक सभा भरवत असलेली वसंत व्याख्यानमाला २१ एप्रिल ते २० मे अशी महिनाभर चालते. रोज नवा विषय, नवा वक्ता. आपल्याकडे व्याख्यान ‘देत’ नाहीत, मालेतले ‘पुष्प गुंफतात’. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. त्यात वक्ता एकटा उरत नाही. कालच्या पुष्पाशेजारी आजचे येते आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन विषय आपोआप जोडले जातात.

ग्रंथालयांनाही हळूहळू मराठी वळण आले. ठाण्यात १८९३ मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले, ते मराठी पुस्तके जपण्यासाठीच. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आले. आज अशा जुन्या संग्रहांची फेरी घडवताना ग्रंथपाल पिवळी पडलेली पाने हलक्या हाताने उलटून दाखवतात, तेव्हा त्यामागे तेव्हाचा हा खटाटोप असतो.

तरीही ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्वांचे, हे गृहीत नव्हते. १९२३ मध्ये सी. के. बोले यांना मुंबई कायदेमंडळात ठराव मांडावा लागला, की सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना वापरता यावेत. ठराव संमत झाला, पण पाटी लागल्याने दार उघडत नाही. चार वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक संस्थांचा इतिहास सांगताना हे वगळले, तर तो अर्धाच राहतो.

चित्रकलेचे दार त्या मानाने उशिरा उघडले. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, पण काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली १९५२ मध्ये. तिथे तिकीट नाही. हातात डबा असलेला माणूस ऑफिसातून परतताना आत डोकावतो, दहा मिनिटे एका चित्रासमोर थांबतो आणि निघतो. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रे मांडलेली असतात.

आणि १९६७च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी मान्यतेचा व अनुदानाचा आधार दिला. तालुक्याच्या गावी सकाळी वाचनालय उघडते. उतरत्या लाकडी टेबलांवर वर्तमानपत्रे लावलेली असतात आणि नोकरीच्या जाहिराती शोधणारी मुले उभ्याउभ्याच वाचत असतात. वर्तमानपत्र वाचायला तिथे वर्गणी लागत नाही.