मत्स्यटाकीच्या पाण्याचा बागेसाठी वापर (मुंबई)

घरातल्या मत्स्यटाकीतून (फिश टँक) दर आठवड्या-पंधरवड्याला काढले जाणारे जुने पाणी मोरीत न ओतता झाडांना घालण्याची पद्धत. मुंबईत ती मुख्यतः खिडकीच्या ग्रिलमध्ये, गच्चीवर आणि चाळीच्या कठड्यावर जोपासलेल्या कुंड्यांसाठी वापरली जाते. तुळस, मनीप्लँट, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आणि अळू ही त्यातली नेहमीची झाडे. मासळी धुतलेले पाणी माडाच्या किंवा अळवाच्या मुळात टाकण्याची कोकणातली सवय याहून जुनी, पण तिच्यामागचे तत्त्व बरेचसे हेच.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. खडीत व फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना फार लवकर मारक ठरतात, नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. ते साचत जाते म्हणून दर वेळी टाकीतले साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे लागते. झाडांची मुळे मात्र नायट्रेट थेट शोषून घेतात.

या पाण्याला ‘उत्तम खत’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण हिशेब केला तर चित्र वेगळे दिसते. 2 फूट लांब, 1 फूट रुंद व 1 फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावते. त्यातला पाव भाग, म्हणजे 14 लिटर, एका मोठ्या बादलीएवढा. लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रेट धरले तरी त्या बादलीत नायट्रोजन जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम भरतो. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे सगळी बादली मिळून पाव ग्रॅमहून किंचित जास्त युरियाच्या बरोबरीची. पालाशही (पोटॅशियम) या पाण्यात सहसा कमीच असते. तेव्हा शेणखत किंवा गांडूळखत बंद करून केवळ या पाण्यावर मोगऱ्याला फुले येतील अशी अपेक्षा धरू नये. त्याचा पहिला फायदा पाणी म्हणूनच आहे. भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या जलाशयांतून आणून, शुद्ध करून नळाला सोडलेले हे पाणी आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणीकपात लागते, तेव्हा आठवड्याची एक बादली वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

पोषणाच्या दृष्टीने खरा ऐवज तळाच्या गाळात असतो. खडीतून सायफनच्या नळीने ओढलेल्या गढूळ पाण्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि सेंद्रिय द्रव्य वरच्या निवळ पाण्यापेक्षा बरेच जास्त असते. फिल्टरचा स्पंजही याच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जीवाणू मरतात, शिवाय पिळलेले काळसर पाणी झाडांना अधिक मोलाचे ठरते. ते जाड असेल तर मातीवर थर धरून वास मारते. म्हणून पातळ करून, माती थोडी उकरून घालावे.

सर्वच टाक्यांचे पाणी चालत नाही. समुद्री माशांच्या टाकीचे पाणी कुंडीतल्या झाडाला मारते, त्यावर उपाय नाही. गोड्या पाण्याच्या टाकीतही मॉली जातीच्या माशांसाठी किंवा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मीठ घालतात. एकदा घातलेले थोडे मीठ फारसे बाधत नाही, पण छोट्या कुंडीत ते दर आठवड्याला साठत जाते आणि पानांच्या कडा करपू लागतात. सोसायटीला टँकरचे किंवा बोअरिंगचे क्षारयुक्त पाणी येत असेल तर ही भीती दुप्पट. अधूनमधून साध्या पाण्याने कुंडी तळातून वाहीपर्यंत भिजवणे हा उपाय. तांबेयुक्त औषध, मॅलॅकाइट ग्रीन किंवा फॉर्मलिन वापरलेल्या टाकीचे पाणी खाण्याच्या झाडांना मुळीच घालू नये. औषध नसले तरी कोथिंबीर, पुदिना यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या पानांवर हे पाणी पडू देऊ नये, कारण त्यात रोगजंतू असू शकतात. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालणेही टाळावे.

काढलेले पाणी त्याच दिवशी वापरणे चांगले. उघड्या बादलीत किंवा कुंडीखालच्या ताटलीत ते आठवडाभर राहिले तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची त्यात पैदास होऊ शकते. ग्रिलमधल्या कुंड्यांना ते मगाने, थोडे-थोडे घालावे. एकदम ओतले तर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ धार जाते आणि सोसायटीत भांडणाला निमित्त मिळते.

पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्या आधीच चिंब असतात आणि जास्तीचे नायट्रेट वाहून जाते. त्या चार महिन्यांत हे पाणी घरातल्या मनीप्लँटसारख्या आडोशाच्या झाडांना द्यावे. उरलेले संडासात ओतून फ्लशचे पाणी वाचवता येते. पावसाळी गटारात मात्र ते सोडू नये, कारण त्यातून गोगलगायी, त्यांची अंडी किंवा परदेशी पाणवनस्पतींचे तुकडे नाल्यांत आणि खाडीपर्यंत जाऊ शकतात. कुंडीच्या कोरड्या होणाऱ्या मातीत त्यांपैकी बहुतेक जगत नाहीत.